ठोक्याला किती

त्या रानात घरट्याला मोल नव्हतं. घरटं शिवायला जितका वेळ लागला, त्या वेळाला मोल होतं.

वेळ मोजायचं काम सुतार पक्ष्याकडं होतं. रानाच्या मधोमध एक वठलेला साग होता. सुतार त्याच्यावर दिवसभर बसायचा आणि ऊन एका फांदीवरून दुसरीवर सरकलं की खोडावर चोच मारायचा. त्याला ठोका म्हणत. सगळं देणंघेणं त्या ठोक्यावर चाले. तुझा ठोका लांब की आखूड, हे सुताराला कधी कुणी विचारलं नाही. तो खोडातले किडे खाई. त्याचं पोट खोडातच भरत होतं, म्हणून तो कुणाच्याच बाजूचा नव्हता आणि सगळे त्याला न्यायी म्हणत.

खाण्याचं झाड त्या वर्षी एकच उरलं होतं, उंबर. बाकीच्या झाडांना पानं होती, पण फळ नव्हतं, पानावर किडा नव्हता. उंबरावर होले, म्हणजे कवडे, आधीपासून राहत होते, म्हणून उंबर त्यांचा. फळं खंडीभर, पण घरटं बांधायची अक्कल म्हणाल तर चार काटक्या आडव्या आणि चार उभ्या. त्यातून अंडं खाली. समोरच्या भोकरीत शिंपी पक्ष्यांची वस्ती होती. जीव मुठीतही न भरणारा, पण पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडून, त्यातून सूत ओवून, असं घरटं शिवत की आतल्या पिलाला बाहेरचा वारा कळू नये. शिंपी होल्यांना घरटी शिवून देत आणि होले त्यांना उंबरं देत. ठोक्याला दोन, असा भाव होता.

भोकरीत येसू नावाची एक शिंपीण होती. तिच्यासारखी चोच वस्तीत दुसरी नव्हती. काम घेतलं की ती आधी नुसती पानासमोर बसायची. वारा कुठून येतो, देठ कुठं वाकतो, शीर कुठं जाड आहे, हे बघायची. मग उठायची आणि शिवायला लागली की थांबायची नाही. दुसऱ्याला जे तीन ठोक्यांत व्हायचं, ते तिचं एकात व्हायचं.

तिचा नवरा कोंडू शिवत नसे. तो सूत आणायचा. ओढ्यापलीकडं, रानाच्या पार टोकाला सावरीचं झाड होतं. तिथून कापूस आणायचा, त्याला पीळ द्यायचा आणि येसूच्या पुढ्यात ठेवायचा. ती शिवायची. सूत कुठून येतं, त्याला किती उडावं लागतं, हे उंबरावर कुणी कधी विचारलं नाही. येसूनंही कधी मोजलं नाही. सूत घरातलंच होतं ना.

मग एका सकाळी सावरीवर शिक्र्यानं झडप घालून कोंडूला धरलं. कोंडू सुटला, पण एक पंख मोडूनच. गवतातून उड्या मारत तो घरी आला तेव्हा पिलं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. तीन होती. डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही, आणि चोची मात्र अंगाहून मोठ्या.

"आता कसं गं?" कोंडू म्हणाला.

"कसं म्हणजे? मी शिवीन. तू पिलं बघ."

येसू कामाला गेली. होलीणीचं घरटं तिनं एका ठोक्यात शिवलं आणि दोन उंबरं आणली. शेजारच्या फांदीवर सोनबा नावाचा म्हातारा शिंपी होता. त्यानं त्याच दिवशी तसलंच घरटं तीन ठोक्यांत शिवलं होतं. तो सहा उंबरं घेऊन आला होता आणि पोट पुढं काढून बसला होता.

"येसूवहिनी," सोनबा म्हणाला, "तुमची चोच तुमच्याच पोटावर उठलीय."

"म्हणजे काय करू, भावजी?"

"टाका घालायचा. मग मागं सरकून बघायचं. मग हं म्हणायचं. मग तो उसवायचा आणि पुन्हा घालायचा. होलीणीला वाटतं, काम मोठं अवघड आहे. तिलाही बरं वाटतं, तुम्हालाही."

दुसऱ्या दिवशी येसूनं करून बघितलं. एक टाका घातला, मागं सरकली, हं म्हणाली. पण चोच थांबेना. पुढची भोकं डोळ्यांपुढं दिसत होती, आणि नुसतं बसणं तिला जमेना. ठोका पडला तेव्हा घरटं पुरं झालेलं होतं. संध्याकाळी सोनबानं विचारलं तर म्हणाली, "होत नाही." सोनबा खूप हसला. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला आळसही शिकवावा लागणार."

मग येसूनं दुसरं ठरवलं. ती होलीणीकडं गेली आणि म्हणाली, ठोक्याला सहा घेईन.

"सहा?" होलीण म्हणाली. "अगं, सोनबा दोनात येतो."

"त्याला तीन ठोके लागतात, बाई. मी एकात करते. तुमची तेवढीच जातात, आणि घरटं लवकर मिळतं."

"एका ठोक्यात होतं म्हणजे सोपंच आहे की. सोप्या कामाला सहा कशी द्यायची?"

"सोपं नाही. मला येतं म्हणून होतं."

"येतं ना? मग तुला त्रास कसला?"

येसूनं पंख झटकले. ती परत आली आणि भोकरीच्या फांदीवर वाट बघत बसली. त्या दिवशी कुणी बोलावलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. समोर सोनबा टाके घालत होता आणि उसवत होता. घरट्यात पिलं आधी ओरडत होती, मग कमी ओरडायला लागली. कोंडू म्हणाला, "शांत झाली बघ." येसूनं त्याच्याकडं बघितलं. दोघांनाही ठाऊक होतं की पिलं शांत झाली की घाबरायचं असतं.

त्याच दिवशी भारद्वाज आला.

भारद्वाज मोठा पक्षी, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा. उडायचा कमी आणि जमिनीवरून सावकाश चालायचा. तो दिसला की दिवस चांगला जातो असं सगळं रान मानत होतं, त्यामुळं त्याला नुसतं दिसण्याचंही खायला मिळायचं. तो भोकरीखाली थांबला आणि वर न बघताच बोलला.

"येसूबाई, सहा म्हणालात असं ऐकलं."

"चुकलं का, दादा?"

"चुकलं नाही, आधी म्हणालात. आधी पाय आत घालायचा असतो. ठोक्याला एकात जा. मी सांगतो त्यांना. तुमच्या चोचीची सवय लागू द्या. सवय लागली की दोन म्हणा, मग तीन म्हणा. सवय लागलेलं कुणी सोडत नाही."

"एकात तीन पिलं कशी जगतील?"

"कामं इतकी देईन की बसायला फुरसत मिळणार नाही. मला काय, त्यातलं अर्धं द्या."

येसूनं घरट्याकडं बघितलं आणि बरं म्हणाली.

कामं खरंच आली. सकाळपासून सांजेपर्यंत ती उंबरावर असायची. एक घरटं झालं की दुसरं, त्याच्यानंतर तिसरं. अर्धं अर्धं करत दिवसाकाठी पिलांपुरतं जमायला लागलं. तिला आणि कोंडूला उरायचं नाही, पण पिलं पुन्हा ओरडायला लागली आणि त्या आवाजानं तिला झोप लागायची. काही दिवसांनी, सवय लागली असेल असं वाटून, ती होलीणीला म्हणाली, "बाई, आता दोन द्या."

"काल एक होतं. आज दोन का?" होलीण म्हणाली. "पान तेच, चोच तीच."

आणि त्याच सुमाराला ओढ्यापलीकडून वटवटे आले. तेही शिवणारेच, शिंप्यांपेक्षा लहान, करड्या रंगाचे. त्यांच्याकडची झाडं आधीच संपली होती. त्यांनी ठोक्याला अर्धं सांगितलं. एका फांदीवर येसूशेजारी एक वटवटीण शिवत होती.  येसूनं विचारलं, "अर्ध्यात परवडतं का गं तुम्हाला?"

"नाही," वटवटीण म्हणाली. "तुम्हाला एकात परवडत होतं?"

"नाही."

"आमच्याकडं तर सांगत होते, या काठाला येसू नावाची कुणी आहे, तिनं भाव पाडला."

येसूनं टाका घातला. "मीच ती," ती म्हणाली. वटवटीणीनं तिच्याकडं बघितलं, आणि थोडं सरकून सावलीत जागा करून दिली. पुढं दोघी शेजारी शेजारी शिवत राहिल्या.

भाव अर्ध्यावर आला. भारद्वाजाचा वाटा तसाच अर्धा राहिला. अर्ध्यातलं अर्धं म्हणजे उंबराची एक फोड.

पण होल्यांच्या मनात एक शंका बसली होती. वेळाचं मोल द्यायचं तर वेळ खरंच कामात जातो कशावरून? सोनबाचं उसवणं कुणीतरी बघितलं असावं. त्यांनी उंबरावर एक सरडा बसवला. सरड्याचं काम एकच. शिवणाऱ्याची चोच पानात गेली की मान हलवायची. ज्या वेळात मान हलली, तो वेळ धरायचा. हलली नाही, तो सोडून द्यायचा. सरडा मन लावून बघायचा. त्याला कुणाचा राग नव्हता आणि शिवणातलंही काही कळत नव्हतं.

सोनबा त्यात उलटा सुखी झाला. टाका घालताना मान हलायची आणि उसवतानाही हलायची. येसूची मात्र पंचाईत झाली. ती सवयीप्रमाणं पानासमोर बसून वारा आणि देठ बघायला लागली, की सरडा दगडासारखा थांबायचा. मग तिनं बघणं सोडलं. आली की शिवायला लागायची. तिचे टाके पहिल्यासारखे राहिले नाहीत. पण ते फक्त तिला दिसत होतं.

दुसरी पंचाईत सुताची होती. कोंडूनं साठवून ठेवलेलं सूत आता संपलं होतं. सावरी ओढ्यापलीकडं. जायला एक ठोका, यायला एक ठोका, आणि त्या सगळ्या वेळात उंबरावर सरड्याची मान स्थिर. सावरीवर कुणी मान हलवायला बसलेलं नव्हतं. कोंडू उडत होता तोवर हे कधी दिसलं नव्हतं. आता ती सुताला गेली की दिवस अर्धा व्हायचा आणि फोडीही अर्ध्या व्हायच्या. सुताला नाही गेली तर शिवायचं कशानं?

एके दिवशी एका घरट्याला शेवटचे दोन टाके कमी पडले. ऊन उतरत होतं. भोकर समोरच होती. येसू घरी आली आणि आपल्याच घरट्याच्या कडेला बसली. कोंडूनं आतून तोंड वर काढलं. तिच्या नुसत्या बसण्यावरून त्याला कळलं.

"तो वरचा घे," तो म्हणाला. "काठाचा. तो तसाही हौसेचा आहे. मीच घालायला लावला होता."

येसूनं काठाचा दोरा उसवला आणि घेऊन गेली. उद्या सावरीवर जाऊन जास्तीचं सूत आणीन, असं तिनं मनाशी म्हटलं.

उद्या काम होतं. परवाही होतं. पुन्हा सूत कमी पडलं. कोंडू घरट्याचे टाके आतून तपासायचा आणि कुठला निघेल ते सांगायचा. "हा डावीकडचा दुहेरी आहे, त्यातला एक घे." "हा पावसासाठी होता, पाऊस कुठं आहे?" एकदा तर हसत म्हणाला, "बरंच झालं, आत उकडत होतं. आता हवा येते." पिलांना पिसं फुटायला लागली होती. त्यांचं वजन वाढत होतं. पान पूर्वी चोळीसारखं घट्ट होतं, आता त्याला फटी पडल्या होत्या आणि एका पिलाचा पाय फटीतून बाहेर यायचा.

वाऱ्याचे दिवस सुरू झाले. दुपार कलली की ओढ्याकडून वारा उठायचा आणि भोकरीची पानं उलटी करून टाकायचा.

अशा दिवसांत भारद्वाज पुन्हा भोकरीखाली येऊन थांबला.

"येसूबाई, ठोका विसरा," तो म्हणाला. "होलीण शेंड्यावर राहायला जातेय. तिला तिथं घरटं हवंय, वाऱ्यात टिकणारं. अख्ख्या घरट्याचा एकच भाव. वीस उंबरं. तुम्हाला किती वेळ लागला ते कुणी विचारणार नाही. फक्त सूर्य बुडायच्या आत पुरं झालं पाहिजे. अधुरं राहिलं तर एकही नाही."

येसूनं पुन्हा विचारलं, "वेळ विचारणार नाही?"

"नाही. सरडा बसेल, पण त्याची मान धरायची नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा येसूच्या अंगात पूर्वीची येसू आली. वेळ विचारणार नाही म्हणजे चोचीला जितकं पळता येतं तितकं पळू द्यायचं. भारद्वाजाची दहा गेली तरी दहा उरतात. दहा उंबरांत पिलं उडेपर्यंत निघतील. ती कोंडूला म्हणाली, "एवढं एक झालं की मी सावरीवर जाते आणि आपलं घरटं आधी शिवते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती सावरीवर गेली आणि एका घरट्याला लागतं तेवढं आणि वर चार दोरे, असं सूत मोजून आणलं. उंबराच्या शेंड्यावर आली. पानासमोर बसली. किती दिवसांनी ती अशी नुसती बसून बघत होती. वारा इकडून येणार, देठ तिकडं वाकणार. मग उठली, आणि दुपार व्हायच्या आत घरटं उभं राहिलं. आसपासचे वटवटे काम थांबवून बघत होते. सोनबा फांदीवरून म्हणाला, "वहिनी, निम्मा दिवस शिल्लक ठेवलात. आता तो विका कुणाला तरी."

होलीण आली ती ऊन कलल्यावर; ती बघेपर्यंत येसूला हलता येत नव्हतं. घरट्याभोवती फिरली.

"छान आहे," ती म्हणाली. "आतून अस्तर लाव म्हणजे झालं."

"अस्तराचं बोलणं झालं नव्हतं, बाई."

"अख्ख्या घरट्याचं बोलणं झालंय ना? अस्तराशिवाय अख्खं कसं? आणि बाजूला एक कोनाडा कर. पाहुणी आली तर कुठं बसवू?"

येसूनं भारद्वाजाकडं बघितलं. भारद्वाज खालच्या फांदीवर होता. "करून टाका," तो म्हणाला. "पुढची सगळी कामं याच्यावर ठरायचीत."

उरलेल्या सुताचं अस्तर झालं. कोनाड्याची भोकं पाडली आणि सूत संपलं. वटवटीणीनं तिच्याजवळचा एक दोरा न विचारता पुढं सरकवला. तोही पुरला नाही. ऊन सागाच्या खालच्या फांदीवर आलं होतं. सावरीवर जाऊन यायला आता वेळ नव्हता. वारा सुटला होता.

येसू घरी आली. कोंडू घरट्याच्या तळाशी होता, पिलं त्याच्या पाठीवर चढली होती.

"किती राहिलेत?" तिनं विचारलं.

"तीन टाके. तिन्ही भाराचे."

 पान हलत होतं.

"कोनाडा तेवढा राहिलाय," ती म्हणाली. "नाहीतर एकही देणार नाहीत. सकाळपासूनचं सगळं जाईल."

पिलांनी तिला बघून चोची उघडल्या होत्या. कोंडूनं त्यांच्याकडं बघितलं, मग पानाच्या कडांकडं.

"दोन घे," तो म्हणाला. "एकावर तेवढ्यापुरतं निघेल. मी कड चोचीत धरून बसतो."

"धरशील?"

"दुसरं काय काम आहे मला?"

त्यानं पानाच्या दोन्ही कडा एकत्र घेऊन चोचीत धरल्या. त्यामुळं ती दोन टाके उसवत असताना तो काही बोलू शकला नाही. ती निघाली तेव्हाही नुसता डोळ्यांनी बघत होता.

कोनाडा झाला. येसूनं शेवटची गाठ मारली तेव्हा सूर्याची कड अजून दिसत होती. होलीण आत जाऊन बसली. वारा आता मोठा झाला होता. उंबराचा शेंडा इकडून तिकडं झुकत होता आणि त्याच्यावरचं घरटं मात्र हाताच्या ओंजळीसारखं स्थिर होतं.

"अगबाई, हलतही नाही," होलीण आतून म्हणाली.

सरड्यानं मान हलवली, जरी त्याची मान आज धरायची नव्हती. भारद्वाजानं आपली दहा उंबरं बाजूला केली. उरलेल्या दहांकडं चोच दाखवून तो म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं? आता तुमचं नाव झालं."

एक उंबर म्हणजे येसूच्या डोक्याएवढं. एका वेळी एकच नेता येत होतं. तिनं पहिलं उचललं आणि वाऱ्याला तोंड देत भोकरीवर आली.

भोकरीवर पान होतं. हिरवं, रुंद, सरळ. कडांना भोकांची ओळ होती, बाकी झाडावरचं कुठलंही पान असतं तसंच पान. ते वाऱ्यावर वर उचललं जात होतं आणि पुन्हा खाली येत होतं. खाली गवतात कोंडू बसला होता. त्यानं धड पंख जमिनीवर पसरला होता आणि मोडका पंखही ओढून ओढून जमेल तितका त्याच्याजवळ आणला होता. चोचीत पानाची एक कड अजून होती, फाटून आलेली. तो वर बघत नव्हता. पंखाखाली काही हलत नव्हतं.

येसूनं उंबर पानावर ठेवलं. ते घरंगळलं, देठावरून गेलं आणि गवतात पडलं.

ती उंबरावर गेली. दुसरं आणलं, पानाच्या मधोमध, जिथं चोची असायच्या तिथं ठेवलं, आणि ते थांबावं म्हणून क्षणभर चोचीनं दाबून धरलं. चोच काढली तसं तेही घरंगळलं. मग ती पुढचं आणायला गेली.